जखमी समुद्री माशाची शुश्रूषा: किनाऱ्यापासून दूर असलेल्या मोठ्या मत्स्यालयातील व्यवस्थापन

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झाले ते मरीन ड्राइव्हवर, अरबी समुद्राच्या अगदी काठाशी. रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रही समुद्राच्या सान्निध्यातच उभे आहे. अशा ठिकाणी समुद्री माशांसाठी लागणारे पाणी हाताशी असते. छत्तीसगड राज्याला मात्र समुद्रकिनारा नाही. मुंबई-हावडा लोहमार्गावरील भिलाईसारख्या पोलादनगरीत एखाद्या संस्थेने, उपाहारगृहाने किंवा हौशी मत्स्यपालकाने हजार-दोन हजार लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी उभारली, तर तिच्यातील पाण्याचा प्रत्येक थेंब तेथेच तयार करावा लागतो. टाकीतील सर्व व्यवस्था सुरळीत असेपर्यंत या गोष्टीचे महत्त्व लक्षात येत नाही. एखादा मासा जखमी झाला की ते प्रकर्षाने जाणवते, कारण जखमी समुद्री माशाच्या शुश्रूषेत सर्वाधिक लागणारी वस्तू औषध नसून स्वच्छ, योग्य क्षारतेचे पाणी ही होय. ते आदल्या दिवशी तयार केलेले नसेल, तर ऐन वेळी मिळत नाही.

समुद्री माशाची जखम अधिक घातक का ठरते?

हाडयुक्त समुद्री माशांच्या शरीरातील द्रवाची क्षारता समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक-तृतीयांश असते. बाहेरचे पाणी 35 पीपीटी, म्हणजे दर लिटरला 35 ग्रॅम क्षार असलेले, तर शरीरातील द्रव सुमारे 11 पीपीटी. परासरणाच्या नियमानुसार पाणी कमी क्षारतेकडून अधिक क्षारतेकडे वाहते. त्यामुळे समुद्रात राहूनही हा मासा सतत पाणी गमावत असतो. ही तूट भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो आणि त्याबरोबर शरीरात आलेले जादा क्षार कल्ल्यांतील विशिष्ट पेशींद्वारे व अत्यल्प मूत्रावाटे बाहेर टाकतो. या कामी त्याची ऊर्जा सतत खर्च होत असते.

त्वचा, खवले आणि त्यावरील चिकट श्लेष्माचा थर ही या व्यवस्थेची तटबंदी होय. जखम झाली की तटबंदीला भगदाड पडते. त्या जागेतून शरीरातील पाणी वेगाने बाहेर जाते आणि क्षार आत येतात. मोठी जखम झालेला समुद्री मासा पाण्यात असूनही अक्षरशः निर्जलित होत जातो. अनेकदा मृत्यूचे कारण जंतुसंसर्ग समजले जाते, परंतु त्याआधीच क्षार-पाण्याचे संतुलन ढासळून मासा खचलेला असतो.

दुर्ग-भिलाई परिसरातील मत्स्यशेतकऱ्यांना याची दुसरी बाजू अनुभवाने ठाऊक आहे. जाळे ओढताना रोहू किंवा कटला जखमी झाला, तर त्याला मिठाच्या सौम्य द्रावणात ठेवण्याची पद्धत रूढ आहे. गोड्या पाण्यातील माशांच्या शरीरात बाहेरच्या पाण्यापेक्षा अधिक क्षार असतात. जखमेतून क्षार बाहेर जातात व पाणी आत शिरते, म्हणून पाण्यात थोडे मीठ घातल्यास माशावरील ताण हलका होतो. समुद्री माशाच्या बाबतीत हाच उपाय उलट दिशेने करावा लागतो. तेथे मीठ वाढवायचे नसून काही प्रमाणात कमी करायचे असते. दोन्हींमागचे तत्त्व एकच आहे: बाहेरचे पाणी शरीरातील द्रवाच्या जवळ आणावे, म्हणजे जखम भरून येईपर्यंत माशाची शक्ती वाचते.

जखमा कशा होतात?

मोठ्या टाकीत जखमा होण्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

1. हद्दीवरून होणारे संघर्ष. डॅमसेलफिश, ट्रिगरफिश व सर्जनफिश हे आपल्या जागेचे कडवे रक्षण करतात. नवा मासा सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस विशेष जोखमीचे असतात. सर्जनफिशच्या शेपटीच्या मुळाशी असणारा काटा शस्त्रक्रियेच्या पात्यासारखा धारदार असतो.
2. दगड, काच किंवा उपकरणांवर आदळणे. अंधारात एकाएकी दिवा लावल्याने किंवा काचेवर हात आपटल्याने मासे बिथरतात.
3. पंपाच्या शोषणमुखाकडे ओढले जाणे. जाळी नसलेले शोषणमुख हे लहान व अशक्त माशांसाठी धोकादायक असते.
4. पकडताना व वाहतुकीत होणारी इजा. किनाऱ्यावरून भिलाईपर्यंतचा प्रवास लांबचा असल्याने मासा टाकीत येतानाच खरचटलेला असू शकतो.

कारण शोधल्याशिवाय केलेला उपचार अपुरा ठरतो. ज्या टाकीत माशाला चावे बसले, तेथेच तो बरा होऊन परतल्यास पुन्हा चावले जाण्याची शक्यता असते.

पहिला निर्णय: मासा पकडावा की पकडू नये?

लहान टाकीत हा प्रश्न फारसा गंभीर नसतो. मोठ्या टाकीत मात्र तो निर्णायक ठरतो. दगडांच्या रचनेतून घाबरलेल्या माशाचा अर्धा तास पाठलाग केल्यास मूळ जखमेपेक्षा अधिक हानी होऊ शकते. दमलेल्या माशाची प्राणवायूची गरज वाढते, आणि समुद्राच्या पाण्यात त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा विद्राव्य प्राणवायू सुमारे एक-षष्ठांश ते एक-पंचमांश कमी असतो.

मासा टाकीतच ठेवून निरीक्षण करावे, जर:
- परांच्या कडा फाटल्या असतील किंवा थोडेच खवले निघाले असतील;
- मासा नेहमीप्रमाणे पोहत व खात असेल;
- इतर मासे त्याच्यामागे लागत नसतील.

मासा ताबडतोब वेगळा करावा, जर:
- जखमेत मांस दिसत असेल किंवा जखमेभोवती लाली पसरत असेल;
- श्वसन जलद होत असेल, मासा कोपऱ्यात किंवा पृष्ठभागाशी थांबत असेल;
- त्याने खाणे सोडले असेल;
- इतर मासे जखमेवर टोचा मारत असतील.

शेवटचे लक्षण एकटे असले तरी पुरेसे आहे. पहिल्या गटातील माशासाठीही एक गोष्ट आवश्यक आहे. पाण्यातील अमोनिया, नायट्राइट, सामू, क्षारता व तापमान त्याच दिवशी तपासावे आणि टाकीतील दहा ते वीस टक्के पाणी बदलावे.

डोळा सुजून बाहेर आला असल्यास तो एकाच बाजूचा आहे की दोन्ही बाजूंचा, हे पाहावे. एका डोळ्याची सूज बहुधा मार लागल्याने येते आणि स्वच्छ पाण्यात हळूहळू ओसरते. दोन्ही डोळे सुजल्यास अंतर्गत संसर्ग किंवा पाण्याची खालावलेली गुणवत्ता यांचा विचार करावा लागतो.

पकडण्याची पद्धत

दिवसा पाठलाग करण्यापेक्षा रात्री दिवे मालवल्यानंतर काही तासांनी, मासा आपल्या विश्रांतीच्या जागी स्थिरावला असता, मंद विजेरीच्या प्रकाशात त्याला पकडणे सोपे जाते. गाठी असलेले जाळे वापरू नये, कारण ते श्लेष्माचा थर खरवडून काढते. पारदर्शक प्लॅस्टिकचे भांडे माशापुढे धरून मऊ जाळ्याने त्याला आत वळवावे आणि पाण्यासह उचलावे. सर्जनफिशसारखे काटेरी मासे जाळ्यात अडकून स्वतःस इजा करून घेतात, त्यामुळे त्यांच्यासाठी भांडेच योग्य. लायनफिशचे काटे विषारी असल्याने तो हाताळताना विशेष दक्षता घ्यावी.

हेकरू किंवा वाम यांसारखा मोठा मासा हलविणे शक्य नसेल, तर मूळ टाकीतच सच्छिद्र पारदर्शक पत्र्याने एक कप्पा वेगळा करावा. त्यामुळे त्याला इतरांपासून संरक्षण मिळते. मात्र त्या स्थितीत मूळ टाकीत औषध घालता येत नाही, याची जाणीव ठेवावी.

उपचार टाकीची रचना

दहा-बारा सेंटिमीटर लांबीच्या माशासाठी 80 ते 100 लिटरची साधी काचेची टाकी पुरेशी असते. तिची मांडणी पुढीलप्रमाणे असावी.

- तळाशी वाळू, शिंपले किंवा प्रवाळखडक ठेवू नयेत. ते औषध शोषून घेतात आणि त्यांच्या फटींत घाण साचते.
- लपण्यासाठी गुळगुळीत कडांचे पीव्हीसी नळाचे तुकडे ठेवावेत. लपण्यास जागा नसलेला मासा सतत ताणाखाली राहतो.
- तीन बाजूंना कागद लावून प्रकाश मंद ठेवावा.
- हवेवर चालणारी स्पंजची गाळणी वापरावी. हा स्पंज एरवी मूळ टाकीच्या गाळण कप्प्यात कायम ठेवलेला असावा, म्हणजे अमोनियाचे विघटन करणारे उपयुक्त जीवाणू त्यावर आधीच वसलेले असतात.
- तापमान 25 ते 27 अंश सेल्सिअस ठेवावे व टाकीवर झाकण असावे.

सुरुवातीला उपचार टाकीची क्षारता व तापमान मूळ टाकीइतकेच ठेवावे. त्यानंतर 24 ते 48 तासांत क्षारता 35 वरून 28 पीपीटीपर्यंत टप्प्याटप्प्याने उतरवावी. शरीरातील द्रव 11 पीपीटी धरल्यास बाहेरच्या व आतल्या क्षारतेतील फरक 24 वरून 17 पर्यंत, म्हणजे सुमारे तीस टक्क्यांनी, कमी होतो. जखमी माशासाठी हा दिलासा मोठा आहे.

हा उपाय केवळ हाडयुक्त माशांसाठी आहे. मुशी व पाकट यांच्या रक्तात युरिया साठविलेला असतो आणि त्यांची क्षार-पाण्याची व्यवस्था पूर्णतः निराळी असते. प्रवाळ, कोळंबी व इतर अपृष्ठवंशीय जीवांनाही क्षारता घटविणे सोसत नाही. त्यांच्यासाठी पाण्याची क्षारता बदलू नये.

अमोनिया: अदृश्य शत्रू

उपचार टाकी लहान व नवी असल्याने तिच्यात अमोनिया झपाट्याने साचतो. समुद्री पाण्याचा सामू 8.0 ते 8.3 असतो. सामू एका अंकाने वाढला की एकूण अमोनियातील विषारी भागाचे प्रमाण जवळपास दहापट होते. त्यामुळे सामू 7.2 असलेल्या गोड्या पाण्यात जे प्रमाण खपून जाते, तेच समुद्री टाकीत कल्ले भाजून काढते. चाचणी रोज करावी आणि अमोनिया आढळताच पाणी बदलावे. पहिल्या दहा दिवसांत रोज तीस टक्के पाणी बदलण्याची तयारी ठेवावी.

औषधे: काय करावे, काय टाळावे

माशाची त्वचा बरी होण्याची रीत सस्तन प्राण्यांहून वेगळी आहे. जखमेवर खपली धरत नाही. भोवतालच्या बाह्यत्वचेतील पेशी सरकत येऊन जखम झाकू लागतात. पाणी उबदार व स्वच्छ असेल, तर उथळ जखमेवर हे आवरण काही तासांत ते एखाद्या दिवसात तयार होते. हे नाजूक आवरण जपणे हेच उपचाराचे खरे काम आहे. वारंवार पकडणे, पुसणे व औषध लावणे यांमुळे ते पुन्हा पुन्हा निघून जाते.

खोल व मळलेली जखम असल्यास पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली माशाला भूल देऊन ती एकदाच निर्जंतुक करता येते. पोव्हिडोन-आयोडिनचे विरल द्रावण ओल्या कापसाने फक्त जखमेवर लावावे. ते डोळ्यांत व कल्ल्यांत जाऊ देऊ नये, आणि मासा पाण्याबाहेर एक मिनिटापेक्षा कमी काळ राहील याची काळजी घ्यावी.

जखमेतून प्रवेश करणारे जंतू बहुधा व्हिब्रिओ गटातील असतात. लाली पसरणे, व्रण खोल होणे, परांच्या मुळाशी रक्त साकळणे ही त्यांची लक्षणे होत. अशा वेळी प्रतिजैविक आवश्यक ठरू शकते. मात्र ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, शक्य असल्यास जंतूंची प्रयोगशाळेत तपासणी करून, ठरलेल्या मात्रेत व पूर्ण मुदतीपर्यंत द्यावे. ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखी औषधे समुद्री पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी बांधली जातात. त्यामुळे ती पाण्यात मिसळून फारसा उपयोग होत नाही. मासा खात असल्यास खाद्यातून दिलेले औषध अधिक परिणामकारक ठरते. औषधोपचार सुरू असताना सक्रिय कोळसा काढून ठेवावा.

पुढील गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात.

- तांबेयुक्त औषधे: ती विशिष्ट परजीवींसाठी आहेत, जखमेसाठी नव्हेत. मूळ टाकीत घातल्यास प्रवाळ व कोळंबी दगावतात आणि चुनखडीयुक्त खडक तांबे शोषून ठेवतात.
- पोटॅशियम परमँगनेट: तलावात त्याचा वापर परिचित असला, तरी अधिक सामूच्या पाण्यात त्यापासून बनणारा मँगनीज डायऑक्साइड कल्ल्यांवर बसू शकतो.
- गोड्या पाण्यात बुडविणे: बाह्य परजीवी काढण्यासाठी ही रीत वापरतात, पण उघडी जखम असलेल्या माशाला हा एकाएकी झालेला बदल घातक ठरू शकतो.
- बुरशीनाशके: जखमेवर कापसासारखी वाढणारी बुरशी ही प्रामुख्याने गोड्या पाण्यातील समस्या आहे. समुद्री माशावर पांढरा थर दिसताच बुरशीनाशक घालणे योग्य नव्हे.

जखमेच्या जागी किंवा परांवर फुलकोबीसारख्या पांढऱ्या गाठी आल्यास तो लिम्फोसिस्टिस हा विषाणुजन्य विकार असू शकतो. त्यावर औषध नाही. चांगले पाणी व सकस आहार मिळाल्यास गाठी बहुधा आपोआप नाहीशा होतात. त्या कापण्याचा प्रयत्न करू नये.

आहार

पहिले 24 तास खाद्य न दिल्यास हरकत नाही. नंतर कोळंबीचे व माकुळाचे बारीक तुकडे, तसेच शाकाहारी माशांसाठी समुद्री शेवाळ दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे द्यावे. उरलेले खाद्य पंधरा मिनिटांत काढून टाकावे. नव्या ऊतींमधील कोलाजेन तयार होण्यास क जीवनसत्त्व लागते आणि बहुतेक हाडयुक्त मासे ते स्वतः तयार करू शकत नाहीत. म्हणून क जीवनसत्त्वयुक्त खाद्य द्यावे. मासा पुन्हा खाऊ लागणे हे सुधारणेचे सर्वांत विश्वासार्ह लक्षण आहे.

भिलाईत करावयाची पूर्वतयारी

100 लिटरच्या उपचार टाकीत रोज तीस टक्के पाणी बदलल्यास दहा दिवसांत 300 लिटर पाणी लागते. टाकी भरण्याचे 100 लिटर धरून एकूण 400 लिटर. 28 पीपीटीसाठी दर लिटरला साधारण 30 ग्रॅम समुद्री क्षारमिश्रण लागते, म्हणजे सुमारे 12 किलो. एवढा साठा कायम असावा. स्वयंपाकातील मीठ त्याऐवजी चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडबरोबरच मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम व पोटॅशियमही असतात.

नळाचे किंवा कूपनलिकेचे पाणी आरओ यंत्रातून शुद्ध करून घ्यावे. त्यात क्षारमिश्रण घालून पंपाने साधारण 24 तास घुसळावे, आणि अपवर्तनमापीने क्षारता मोजल्यावरच वापरावे. नुकतेच मिसळलेले पाणी जखमेला व कल्ल्यांना झोंबते. म्हणूनच 100 ते 150 लिटर तयार पाणी झाकलेल्या पिंपात नेहमी असावे आणि ते दर काही आठवड्यांनी मूळ टाकीच्या पाणीबदलासाठी वापरून नव्याने भरावे.

छत्तीसगडच्या कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवन जलद होते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. 100 लिटरच्या टाकीतून पाच लिटर पाणी उडाले, तर क्षारता 28 वरून जवळपास 29.5 वर जाते. ही तूट खाऱ्या पाण्याने न भरता शुद्ध गोड्या पाण्याने रोज भरावी. तापमान वाढले की पाण्यातील प्राणवायूही घटतो. वीज खंडित झाल्यास चालणारा, बॅटरीवरील हवेचा पंप ही उन्हाळ्यातील अत्यावश्यक वस्तू समजावी.

टाकाऊ खारे पाणी बागेत, शेतात किंवा तळ्यात सोडू नये. 28 पीपीटीच्या 100 लिटर पाण्यात 2.8 किलो क्षार असतात. ते जमीन नापीक करण्यास हातभार लावतात. औषध मिसळलेले पाणी विरंजक चूर्णाने निर्जंतुक करून मगच सांडपाण्याच्या वाहिनीत सोडावे.

तज्ज्ञ सल्ल्यासाठी दुर्ग येथील दाऊ श्री वासुदेव चंद्राकर कामधेनु विश्वविद्यालय भिलाईपासून जवळ आहे. त्याच विद्यापीठाचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय कवर्धा येथे आहे. मुंबईतील वर्सोवा येथे 1961 पासून कार्यरत असलेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था ही या क्षेत्रातील राष्ट्रीय पातळीवरील प्रमुख संस्था होय.

मूळ टाकीत परत सोडणे

फाटलेले पर, त्यांच्या मुळाची हाडे शाबूत असल्यास, काही आठवड्यांत पुन्हा वाढतात. स्नायूपर्यंत गेलेली जखम भरण्यास महिनाभर किंवा अधिक काळ लागू शकतो. त्या जागी रंग फिका राहिला तरी चिंतेचे कारण नाही. जखम पूर्ण झाकली गेली, मासा नियमित खाऊ लागला आणि औषध बंद करूनही आठवडाभर प्रकृती स्थिर राहिली, की क्षारता दररोज साधारण 2 पीपीटीने वाढवून 35 वर आणावी. क्षारता उतरविणे माशाला तुलनेने सोसते, चढविणे सोसत नाही, म्हणून येथे घाई करू नये.

परत सोडण्यापूर्वी मूळ टाकीतील काही दगडांची जागा बदलावी. त्यामुळे जुन्या हद्दी मोडतात व सर्व माशांना नव्याने जागा शोधावी लागते. मासा दिवे मालवल्यानंतर सोडावा आणि दुसऱ्या दिवशी खाद्य देताना त्याच्याकडे लक्ष ठेवावे. आक्रमक मासा पुन्हा त्याच्यामागे लागल्यास आक्रमकालाच कायमचे वेगळे करणे इष्ट. औषध वापरलेला स्पंज मूळ टाकीत परत ठेवू नये.

समुद्रात जखमी झालेल्या माशाला दूर निघून जाण्याची मोकळीक असते. टाकीतील माशाला ती नाही. त्याच्या वाट्याचा समुद्र माणसानेच मोजून-मापून तयार केलेला असतो. म्हणून मत्स्यपालकाने टाकी उभारतानाच तयार पाण्याचे एक पिंप, मुरलेला एक स्पंज आणि रिकामी एक टाकी यांची तरतूद करावी. जखम झाल्यावर माशाचा जीव वाचणे बहुतांशी या तीन वस्तूंवर अवलंबून असते.